काटा सत्तरवरच होता

पाठीच्या कण्याला मार बसून जे अंथरुणावर पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खरं सांगायचं तर त्यांच्या उशाशी बसलेल्यांसाठी थोडं जास्त. यात औषधांची नावं नाहीत, कुठल्या मणक्याला काय होतं तेही नाही. ते तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. एक माणूस आडवा पडला की उभ्या असलेल्या माणसांचं काय होतं, ते कुणी सांगत नाही. मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

मी निपाणीची, स्नेहल कांबळे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आई मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. आप्पांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आणि तिची नात आता विमान चालवणार, हे आप्पा स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, ओळख नसलेल्या माणसालाही सांगायचे. आईला ते कधीच पटलं नव्हतं. "जमिनीवर कामं कमी हायत काय?" एवढंच म्हणायची आणि डबा भरून द्यायची.

बेळगावजवळच्या एका संस्थेत मी विमान चालवायला शिकत होते. एकटीनं विमान नेऊन परत आणण्याइतकं शिकलेही होते.

त्या दिवशीची फेरी

सकाळ स्वच्छ होती, वारा बेताचा. माझ्या शेजारी मला शिकवणारे इनामदार सर बसले होते. सर हवाई दलातून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, बेळगावचेच. विमानात ते अखंड बोलायचे. खाली दिसणारं तळं कुणी खोदलं, कुठल्या गावचा मिरचीचा ठेचा चांगला, सगळं. नव्या पोरांना वाटायचं, यांचं लक्ष नाही. पण विमानाचं नाक बोटभर जरी चुकलं तरी बोलता बोलता त्यांचा हात पुढं आलेला असायचा.

खानापूरच्या बाजूला चक्कर मारून आम्ही परत फिरलो आणि उतरायला लागलो. इथं थोडं समजावून सांगते. उतरताना विमानाचा वेग एका मापात ठेवावा लागतो. तो फार कमी झाला तर पंख विमानाला पेलू शकत नाहीत आणि ते सरळ पडायला लागतं. इंजिन कमी केलं किंवा नाक वर घेतलं की वेग उतरतो. तो दाखवणारी तबकडी डोळ्यांसमोरच असते. तिचा काटा सत्तरवर होता, आणि सत्तरच हवा होता.

आम्ही थोडे उंच होतो म्हणून मी इंजिन कमी केलं. काटा सत्तरवर. नाक जरासं वर घेतलं. काटा सत्तरवरच. मला मनातून आनंद झाला होता, हे आज सांगताना जड जातं. वाटलं, आज काय सुरेख जमतंय.

सर बोलता बोलता थांबले. वाक्य अर्धंच राहिलं.

"काटा सोड," ते म्हणाले. "आवाज ऐक."

मी ऐकलं. काचेवर घासणारा वारा जवळजवळ गप्प झाला होता. हातातला दांडा ताक घुसळल्यासारखा ढिला लागत होता.

"नाक खाली! सोड, मी घेतो."

मी हात काढले. इशाऱ्याचा भोंगा वाजला, डावा पंख खाली गेला आणि समोरच्या काचेत आभाळाऐवजी ऊस आला.

पुढचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. पेट्रोलचा वास. गालाला कापणारी उसाची पानं. शेजारच्या रानात वैरण कापणारी एक बाई धावत आली. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"हलू नको गं बाई. माणसं याल्यात. हलू नको."

"माझे पाय आत राहिलेत काय?" मी विचारलं. मला ते लागतच नव्हते.

तिनं वाकून बघितलं. "हायत की गं. हितंच हायत."

त्या बाईचं नाव मला अजून कळलेलं नाही. तिनं डोकं हलू दिलं नाही, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

टाचणी

बेळगावच्या इस्पितळात ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर आले. आप्पा आणि आई पलंगाच्या दोन बाजूंना उभे होते. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि माझ्या तोंडासमोर बसले. उभं राहून बोलले नाहीत, हे मला अजून आठवतं.

"मोडलेला मणका आम्ही बसवलाय," ते म्हणाले. "आतला मज्जारज्जू तुटलेला नाही, पण चेंगरलाय."

"मी चालेन का?"

"माहीत नाही."

आप्पांनी लगेच तोंड उघडलं. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "खोटं सांगून मला चालणार नाही आणि तिलाही. काही महिने जाऊ द्यावे लागतील. काय परत येईल आणि किती, ते आज कुणीच सांगू शकत नाही."

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणी घेऊन पायांपाशी गेले. "आता कळतंय?" "नाही." "आता?" "नाही." "आता?" मी म्हटलं, "हो."  डोळे उघडले तर डॉक्टर टाचणी हातात धरून नुसते उभे होते. त्यांनी ती टेकवलीच नव्हती.

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "उद्या परत बघू."

तुमच्यावरही ही पाळी आली असेल तर एवढंच सांगते: नसलेलं लागतंय म्हणू नका. मी का म्हटलं ते मला माहीत आहे. आई माझ्याकडं बघत होती.

छत

त्या दिवसांत मला माणसं कमी आणि छत जास्त दिसायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळानं चौघं जण येऊन मला ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचे. एकजण मान धरायचा, एकजण कंबर, कुणीतरी "एक, दोन, तीन" म्हणायचं. गोकाककडच्या एक नर्स होत्या. मराठी समजायचं त्यांना, पण घाईत कानडीच तोंडात यायचं. वळवताना मी ओरडले की म्हणायच्या, "स्वल्प ताळव्वा." थोडं सोस, बाई. निपाणीत वाढून मी कानडी शाळेपुरतंच शिकले होते. ‘ताळ’ हा शब्द मी त्या खाटेवर शिकले.

लघवीची नळी, पिशवी, आणि बाकीचं सगळं दुसऱ्याच्या हातून. त्याबद्दल लोक लिहीत नाहीत. मी विमान चालवणारी मुलगी, आणि माझी आई माझं सगळं पुसून काढायची, तान्हेपणी काढलं असेल तसं. पहिल्यांदा मी तोंड फिरवून रडले. आई म्हणाली, "वर्गातली पोरं रोज करत्यात. मला काय नवं हाय?" तिनं ते इतक्या सपाट आवाजात म्हटलं की मला हसू आलं. मग दोघी हसलो. तिच्या हातातलं फडकं तसंच.

शेजारच्या खाटेवर कणकुंबीकडच्या एक मावशी होत्या, फणसाच्या झाडावरून पडलेल्या. एक दिवस त्या छताकडं बघत म्हणाल्या, "तू इमानातनं पडलीस, मी फणसावनं. आनी बग, खाट सारकीच दिलीया."

असल्या गोष्टींवर दिवस निघायचे.

आई आणि आप्पा

आई आप्पांशी बोलत नव्हती. मला हे कळायला वेळ लागला, कारण दोघंही माझ्याशी बोलत. "तुझ्या आप्पास्नी सांग, चादर आणा." "आईला म्हण, डबा आलाय." ते पलंगाच्या या बाजूला, ती त्या बाजूला, आणि मधे मी, न हलणारी.

एकदा मी विचारलं, "आई, असं का करालीस?"

"मी काय केलो? मी काय बी केलो न्हाय." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, केलो, आलो. "मी कधी म्हटलोतो, पोरगीला आभाळात धाडा?"

आप्पा खिडकीजवळ होते. त्यांनी ऐकलं. तसेच बाहेर गेले. आयुष्यभर ज्यांचा आवाज घरात सगळ्यात मोठा, ते आप्पा त्या दिवसांत पावलं न वाजवता चालायला शिकले होते.

मी रोज त्यांना एकच विचारायची. "सर कसे हायत?"

"वरच्या मजल्यावर हायत. जबड्याला मार हाय, बोलता येत न्हाय. पण बरे हायत."

माझ्या डोक्यात काटा फिरत राहायचा. सत्तर. सत्तर. इंजिन मी कमी केलं होतं. नाक मी वर घेतलं होतं. वॉर्डात येणारी माणसं दाराशी कुजबुजायची, "पोरगीच चालवत होती म्हणं." शेवटी मी आप्पांना म्हटलं, "सरांना सांगा, काटा सत्तरवरच होता. मी बघत होते. त्यांना विचारा, माझं चुकलं काय."

आप्पा गेले. बऱ्याच वेळानं आले, खुर्चीत बसले आणि माझा हात धरला.

"त्यांनी पाटीवर लिहून दावलं," आप्पा म्हणाले. "म्हणाले, तुझी काय बी चूक न्हाय. काटाच खोटा हाय."

त्या दुपारी अपघातानंतर पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

केस

पुष्कळ दिवसांनी नर्सबाईंनी केस धुवायला परवानगी दिली. माझ्या डोक्याखाली प्लॅस्टिकचा कागद घातला, त्याचं टोक बादलीत सोडलं. आई तांब्यानं कोमट पाणी घालत होती. आधी साबणाचं पाणी, मग माती. काळी माती, आणि तिच्यात उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे. इतके दिवस ते माझ्या डोक्यात होते.

आईचा तांब्या थांबला. ती बादलीत बघत राहिली. मग एकेक तुकडा वेचून तिनं पदराच्या टोकावर ठेवला, का ते तिलाही माहीत नसावं. पुन्हा पाणी घालायला लागली आणि हळू आवाजात बुद्धवंदना म्हणू लागली. मावशींनी पलीकडून हात जोडले.

ऊन पाणी टाळूवर पडत होतं. कमरेखाली मला काही कळत नव्हतं, पण टाळूला सगळं कळत होतं. त्या दिवशी मला वाटलं, एवढं जरी राहिलं तरी मी जगेन.

चौकशीला आलेले गृहस्थ

अपघाताची चौकशी करणारे एक अधिकारी आले. वयस्कर, मृदू बोलणारे. आई शाळेत गेली होती, आप्पा खोलीत होते. आप्पा त्यांना दारातच काहीतरी सांगायला धावले, पण ते तोवर माझ्यापाशी आले होते.

"तुम्हाला त्रास द्यायचा नाही," ते म्हणाले. "पण आता इनामदार नाहीत. आत काय झालं ते सांगू शकणाऱ्या तुम्ही एकट्याच."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा भिंतीकडं बघत होते.

"कधी?" मी विचारलं.

अधिकारी गोंधळले. आप्पांकडं बघून त्यांना कळलं. "अपघाताच्याच दिवशी," ते हळूच म्हणाले. "इथं आणेपर्यंत..."

म्हणजे वरच्या मजल्यावर कुणीच नव्हतं. पाटी नव्हती. ‘तुझी काय बी चूक न्हाय’ हे सरांनी म्हटलंच नव्हतं.

मी त्या अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. इंजिन कधी कमी केलं, नाक कधी घेतलं, सर काय म्हणाले, हात कधी काढले. आवाज कापला नाही याचं मलाच नवल वाटलं. ते गेल्यावर मी आप्पांना म्हटलं, "तुम्ही पण जावा."

"स्नेहू, ऐक तरी..."

"जावा."

पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते यायचे, दाराबाहेरच्या बाकावर बसायचे, संध्याकाळच्या गाडीनं निपाणीला जायचे. एकदा आई आत आली आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, "बास झालं आता."

"तूच बोलत न्हाईस त्यांच्याशी."

"माझं वेगळं हाय. मी बायको हाय, मी भांडीन." तिचा आवाज चढला. "सर गेले म्हणून पयल्याच दिवशी तुला सांगितलं असतं, तर तू हात-पाय गाळलं असतंस. त्यांनी खोटं बोलून तुला झोपवलं. आणि सोता? त्या बाकावर बसून दिवसभर रडत्यात, माहीत हाय तुला? ते खोटं मला सुचलं असतं, तर मी बी बोललो असतो."

ती दारापर्यंत गेली. "अहो," तिनं हाक मारली. अपघातानंतर तिनं त्यांना मारलेली ती पहिली हाक. "आत या. चहा निवालाय."

आप्पा आले. मी त्यांना लगेच माफ केलं नाही. पण कप धरायला हात पुढं केला.

उशाशी बसणाऱ्यांनो, तुम्हाला यातून काय सांगावं मला कळत नाही. खोटं बोलू नका, असं म्हणावंसं वाटतं. पण त्या खोट्यावर मी झोपले, आणि त्या झोपेनं मला पुढं नेलं, हेही तितकंच खरं.

अंगठा

उजव्या पायाचा अंगठा हलला तेव्हा मला कळलंच नाही. मालिश करणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी बघितलं. "परत कर," त्या म्हणाल्या. "काय परत करू?" "आत्ता केलंस ते." मी कपाळाला घाम येईतो जोर लावला, आणि अंगठा मुंगी चावल्यासारखा हलला. मावशी तिकडनं ओरडल्या, "हाल्लं! मी बगितलो!" त्यांना त्यांच्या खाटेवरून माझे पाय दिसतच नव्हते.

पुढचं सगळं संथ आणि कंटाळवाणं होतं, ते खरोखर तसंच असतं. पट्टा बांधून बसणं. बसल्यावर येणारी चक्कर. दोन दांड्यांमधे उभं राहणं आणि आपण इतके उंच होतो हे विसरलेलं असणं. उजवा पाय आला. डावा अर्धाच आला. पाऊल अजून लोंबतं, त्याला आधाराचा बूट लागतो. हातात काठी आहे. लघवीचा त्रास आहे, बाहेर जाताना आधी संडास कुठं आहे ते बघते. विमानाचा परवाना आता मिळणार नाही. पुढं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आप्पा विचारत नाहीत, आणि त्यांचं न विचारणं मला जड वाटतं.

मी घरी आल्यावर चौकशीच्या त्या अधिकाऱ्यांचा फोन आला. वेगाची तबकडी उघडून तपासली होती. आतला झिजलेला भाग अडकायचा. वेग उतरला तरी काटा जागेवरच राहायचा. "तुम्ही सांगितलं ते बरोबर होतं," ते म्हणाले. "तुमची चूक नव्हती."

सरांच्या तोंडी आप्पांनी घातलेलंच वाक्य. फोन ठेवल्यावर आनंद होईल असं वाटलं होतं. तसा झाला नाही. सर त्यानं परत येणार नव्हते, आणि माझा डावा पायही.

काकू

सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्यांच्याकडं जायला मी फार वेळ घेतला. टिळकवाडीत त्यांचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आप्पांना मी खाली रिक्षातच थांबवलं. काठी, कठडा, चांगला पाय, मग वाईट पाय, असं करत चढले. काकू वर दारात उभ्या होत्या. खाली उतरून हात द्यायला आल्या नाहीत. मी पोचेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

पाणी दिलं. समोर बसल्या. इकडचं तिकडचं काहीच विचारलं नाही.

"लोक म्हणतात, ते बोलत बसले होते. लक्ष नव्हतं. खरं सांग."

सोपं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"बोलत होते," मी म्हटलं. "नेहमीसारखेच. पण काटा खोटा आहे हे त्यांनीच ओळखलं काकू, नुसत्या आवाजावरून. मी तबकडीकडंच बघत होते, मला कळलं नाही. त्यांनी विमान माझ्या हातातून घेतलं. अजून थोडी उंची असती, तर त्यांनी सावरलं असतं."

"भ्याले होते काय?"

मी आठवून बघितलं. "न्हाय. चिडले होते. माझ्यावर न्हाय, विमानावर."

काकूंच्या तोंडावर काहीतरी हललं. "स्कूटर बंद पडली तरी तसंच चिडायचे. शिव्या घालायचे तिला." त्या हसल्या आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. मी उठून जवळ जावं असं वाटलं, पण मला पटकन उठता येत नाही. मी बसूनच राहिले.

त्यांनी डोळे पुसले.

"मला तुझा राग आलता," त्या म्हणाल्या. "लई. तुझं चुकलं म्हणून नव्हे. तू वाचलीस म्हणून."

"आता?"

त्या खरंच विचार करत राहिल्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"थोडा आहे अजून," त्या म्हणाल्या. "तेवढा राहू दे मला."

"राहू दे," मी म्हटलं.

काकू उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वडलांना वर बोलाव. ताटं घेते."